काच कुठवर

सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयाचं काम अरुणा देवस्थळीकडे आलं, तेव्हा तिच्या ऑफिसात कोणालाही तिचा हेवा वाटला नाही. साल होतं २०१४. क्वीन्सटाउनच्या त्या ऑफिसात बाकीचे आर्किटेक्ट कॉन्डो करत होते, हॉटेलं करत होते. त्यांच्या मानाने हे काम साधंच. कॉलेज खासगी होतं, बोटीवरच्या लोकांच्या अभ्यासक्रमांपासून सुरू झालेलं. पुढे त्यांनी लॉजिस्टिक्स आणलं, मग हॉटेल मॅनेजमेंट आणलं, आणि विद्यार्थी इतके वाढले की खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरमध्ये लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात, तशा जागा मुलं ग्रंथालयात धरायला लागली. शेवटी कॉलेजने शेजारच्या इमारतीतले दोन मजले घेतले. तिथे नवं ग्रंथालय करायचं, गटाने बसायच्या जागा करायच्या, आणि वर्गाबाहेरही मुलांना शिकत बसावंसं वाटेल असं काहीतरी करायचं, एवढं कॉलेजचं म्हणणं होतं.

अरुणाला मात्र हे काम मनापासून हवं होतं. ती पुण्यात ज्या कॉलेजात शिकली तिथे पुस्तकं जाळीच्या कपाटांत कुलूपबंद असायची. चिठ्ठी भरून खिडकीत द्यायची आणि पलीकडचा माणूस आत जाऊन परत येईपर्यंत ताटकळत उभं राहायचं. आत नेमकं काय काय आहे, हे शिक्षण संपेपर्यंत तिला कधी दिसलं नाही. नवऱ्याच्या, प्रबोधच्या, बँकेतल्या नोकरीमुळे सिंगापूरला येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण त्या जाळीचा राग गेला नव्हता. म्हणून तिच्या आराखड्यात जिकडेतिकडे काच होती. पुस्तकं दिसणार, वाचणारे दिसणार, फळ्याभोवती वाद घालणारी मुलं दिसणार. गटाने बसायच्या सगळ्या खोल्या तिने जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या केल्या होत्या.

कॉलेजच्या विस्ताराचं काम पाहणारे मिस्टर ओंग आराखड्यावर खूश झाले.

"पालक येतात, बाहेरचे पाहुणे येतात," ते म्हणाले. "त्यांना मुलं शिकताना दिसली पाहिजेत. आत्ताचं ग्रंथालय म्हणजे गोदाम आहे."

त्या बैठकीत ग्रंथपाल फरीदाही होती. पन्नाशीची मलय बाई, डोक्याला फिकट रंगाचा रुमाल, बोलणं मोजकं. ज्या जागेला ओंग गोदाम म्हणाले तिथे तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. शेवटी तिने फक्त एवढं सुचवलं, "एक खोली आधी करून बघू या का? जुन्या ग्रंथालयात. महिनाभर मुलं वापरतील, मग कळेल."

अरुणाचे साहेब डेस्मंड यांना हा वेळेचा अपव्यय वाटला. अरुणाला तसं वाटलं नाही. आपली खोली लोकांना आवडणार याची तिला खात्री होती.

नमुन्याची खोली उभी राहिली आणि पहिल्याच आठवड्यात ती भरून वाहायला लागली. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलींनी काचेवर मार्करने आकृत्या काढल्या, कोणीतरी वाढदिवसाचा केक आत नेला. अरुणा पाहायला गेली तेव्हा आत सहा जण होते आणि बाहेर चौघं वाट पाहत उभे. तिने फोटो काढले आणि डेस्मंडना पाठवले. मग लिफ्टपुढची गर्दी पाहून ती मागच्या जिन्याने खाली निघाली.

जिन्याच्या मधल्या टप्प्यावर कोणीतरी बोलत होतं. पुरुषाचा आवाज. एक प्रश्न इंग्रजीत आला, इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ साठल्याचा अलार्म वाजला तर तुम्ही काय कराल? त्याच आवाजाने उत्तर द्यायला सुरुवात केली, ब्रिजवर कप्तानाला कळवीन, वेग कमी करीन, माणसं बाहेर काढीन, आणि मग तो अडला. "छे, छे," तो मराठीत पुटपुटला. "परत पहिल्यापासून."

अरुणा दोन पायऱ्या उतरली. भिंतीकडे तोंड करून एक माणूस उभा होता. चाळिशीचा, काटक, उन्हाने रापलेला, हातात घडी घालून मऊ झालेले छापील कागद.

"मराठी आहात?" तिने विचारलं.

तो दचकून वळला. "सॉरी मॅडम. आवाज फार झाला का?"

"नाही हो. मी आपली खाली चाललेय. पण तुम्ही इथे जिन्यात का? वर नवीन खोली केलीय ना, बोलत बसायला."

"ती काचेची?" तो हसला. "ती पोरांसाठी आहे."

"सगळ्यांसाठी आहे. मीच केलीय ती."

हे ऐकल्यावर तो जरा ओशाळला. "छान केलीय हो मॅडम. वाईट नाही म्हणत मी. पण आत उभं राहून मी स्वतःशीच प्रश्नोत्तरं करायला लागलो तर बाहेरच्यांना कसं दिसेल? दुकानाच्या शोकेसमध्ये ठेवल्यासारखं होईल माझं."

त्याचं नाव निशिकांत थळे. रेवदंड्याचा. तेलवाहू बोटीवर सेकंड इंजिनिअर होता आणि चीफ इंजिनिअरच्या परीक्षेसाठी इथे आला होता. लेखी पेपर सुटले होते. तोंडी परीक्षेत मात्र तो एकदा आपटला होता. परीक्षक समोर बसून प्रश्न विचारतात, तुम्ही बोलून दाखवायचं.

"काम येतं मला," तो म्हणाला. "तो अलार्म मी खराखुरा हाताळलाय, भर समुद्रात. पण तेच टेबलाशी बसून सांगायचं म्हटलं की मध्येच अडतो. म्हणून मोठ्याने म्हणून बघावं लागतं. खोलीवर म्हणता येत नाही. माझा पार्टनर विमानतळावर रात्रपाळी करतो, दिवसा झोपलेला असतो. ग्रंथालयात शांतता पाळायची. मग राहिला हा जिना."

अरुणाने त्याला शुभेच्छा दिल्या आणि ती खाली आली. पण खालून ती परत वर गेली, लिफ्टने, आणि फरीदाच्या टेबलाशी उभी राहिली.

"जिन्यात एक गृहस्थ आहेत," ती म्हणाली.

"एक नाही," फरीदा म्हणाली. "दहा-बारा तरी असतील. कधी जिन्यात, कधी खाली सायकली ठेवतात तिथे. बोटीवरची मोठी माणसं. तीन-चार महिन्यांसाठी येतात, परीक्षा देतात, जातात."

"आमच्या पाहणीत हे कोणी आलंच नाही. आम्ही सगळ्या विद्यार्थ्यांना प्रश्न पाठवले होते."

"पूर्ण वेळच्या विद्यार्थ्यांना पाठवले होते," फरीदा शांतपणे म्हणाली. "यांना कॉलेजचा ईमेल नसतो."

त्या संध्याकाळी सेरंगूनच्या घरी जेवताना अरुणाने ही गोष्ट काढली. प्रबोधने पोळी मोडता मोडता विचारलं, "दहा-बारा माणसांसाठी तू सगळा आराखडा बदलणार?"

"बदलणार असं कुठे म्हटलं मी?"

"मग?"

"मग काही नाही. सांगतेय फक्त."

त्यांची मुलगी जाई चौदा वर्षांची होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र ती इथल्या मुलांसारखं 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत द्यायची. तिचं म्हणणं सरळ होतं. त्या अंकलना सांग, कोणी त्यांच्याकडे बघत नाही, लाह. सगळे आपापल्या फोनमध्ये असतात.

अरुणाला ते पटलं, किंवा पटवून घ्यायला सोपं वाटलं. माणूस लाजतो तो सवय नसते म्हणून, एकदा आत बसला की बसेल, असं तिने मनाशी ठरवलं. पुढच्या वेळी कॉलेजात गेली तेव्हा ती मुद्दाम जिन्यात डोकावली. निशिकांत होताच.

"तुमचे कागद माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "मी परीक्षक होते. प्रश्न मी विचारते, तुम्ही उत्तरं द्या. फक्त जिन्यात नाही, माझ्या खोलीत. दुपारी मुलं जेवायला जातात, तेव्हा गर्दी नसते."

निशिकांत घुटमळला. पण प्रश्न विचारणारं माणूस त्याला इतक्या आठवड्यांत कोणी मिळालं नव्हतं, आणि तो मोह त्याला सोडवेना. "चला," तो म्हणाला. "पण इंजिनाचं तुम्हाला काही कळत नाही, तेव्हा चुकलो तरी चालेल."

"त्यासाठीच तर मी बरी."

दोघं समोरासमोर बसले. अरुणाने चेहरा शक्य तितका कठोर केला. पहिल्या प्रश्नाला तो जरा अडखळला, दुसऱ्याला कमी. तिसऱ्या प्रश्नाला तर त्याचे हात बोलायला लागले. टेबलावरच त्याने बॉयलर कुठे, पंप कुठे ते मांडलं, आणि अरुणाला त्यातलं काही कळत नसतानाही पुढे काय होणार याची उत्सुकता लागली. आवाज चढला, पाठ ताठ झाली. हा माणूस इंजिनरूममध्ये कसा दिसत असेल ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. आपण म्हणत होतो ते बरोबर होतं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात काचेबाहेर एक तरुण मुलगा थांबला. निशिकांतला पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याने पाठीवरची पिशवी सावरली, अदबीने मान लववली आणि शेजारच्या दोन मित्रांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. शब्द ऐकू येत नव्हते, तरी काय सांगितलं ते समजत होतं. हे माझे सेकंड इंजिनिअर. मित्रांनीही कौतुकाने आत पाहिलं. कोणाच्या नजरेत थट्टा नव्हती. उलट आदरच होता.

निशिकांतने हात हलवून त्याला ओळख दिली. मग तो अरुणाकडे वळला. तिने प्रश्न पुन्हा वाचला. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची नजर पुन्हा काचेकडे गेली.

"मॅडम, मला एक काम आठवलं," तो म्हणाला आणि उठला. जाताना त्या मुलाच्या खांद्यावर त्याने हात ठेवला, दोन शब्द हसून बोलला, आणि मग जिन्याकडे गेला नाही, लिफ्टकडे गेला. कागद टेबलावरच राहिले.

अरुणा कागद घेऊन त्याच्या मागे उतरली. तो तिला हॉकर सेंटरमध्ये सापडला, कोपऱ्यातल्या टेबलाशी, पुढ्यात कॉफी. तिने कागद ठेवले आणि बसू का म्हणून विचारलं. त्याने खुर्ची ओढून दिली.

"तो मघाचा मुलगा, प्रतीक," तो म्हणाला. "माझ्या हाताखाली कॅडेट होता. पहिल्यांदा बोटीवर आला तेव्हा रात्री रडायचा. मी त्याला सांगायचो, इंजिनापुढे घाबरायचं नाही, घाबरलास तर इंजिनाला कळतं. आता तो मला बघतोय, आणि मी एका बाईंपुढे पाठ म्हणून दाखवतोय, तेही चुकत." मग तो घाईने म्हणाला, "तुमचा राग नाही हो, ताई. तुम्ही भल्यासाठीच केलंत."

'मॅडम'चं 'ताई' झालेलं त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"तो हसला नाही तुम्हाला," अरुणा म्हणाली.

"नाहीच हसणार. चांगला पोरगा आहे. हसला असता तर एक शिवी घातली असती आणि पुढे चालू केलं असतं." त्याने कॉफी ढवळली. "गावाला आईने सगळ्यांना सांगून टाकलंय, मुलगा चीफ झाला म्हणून. बायकोला खरं माहीत आहे. ती फोनवर काही विचारत नाही, त्याचंच जास्त ओझं वाटतं."

अरुणानेही एक कॉफी मागवली. त्याने तिला रेवदंड्याच्या खाडीबद्दल सांगितलं, तिने त्याला पुण्यातल्या त्या जाळीच्या कपाटांबद्दल सांगितलं. ते ऐकून तो म्हणाला, "तुम्हाला आतलं बघायला मिळालं नाही, म्हणून तुम्ही सगळं उघडं केलंत होय." त्याने ते सहज म्हटलं. पण परतीच्या एमआरटीच्या ट्रेनमध्ये, दाराला टेकून उभी असताना, अरुणाच्या डोक्यात तेच वाक्य फिरत राहिलं. पुस्तकांवरची जाळी काढायला ती निघाली होती, आणि काढता काढता माणसांचा आडोसाही काढून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिने डेस्मंडना सांगितलं की मागच्या बाजूच्या चार खोल्या ती बदलते आहे. काच नाही, भिंत. खिडकी बाहेरच्या बाजूला, झाडांकडे.

डेस्मंडनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "क्लायंटने मंजूर केलेला आराखडा आहे, अरुणा. त्यांना आवडलेला आहे. आपण होऊन आपण तो बिघडवायचा?"

"चार खोल्या फक्त. पुढच्या तशाच राहतील. त्या मुलांना आवडल्यात, आणि त्यांच्यासाठी त्या चांगल्याच आहेत."

"ओंगना तू समजाव. मी मध्ये पडणार नाही."

ओंगच्या आधी अडली ती फरीदा, हे अरुणाला अनपेक्षित होतं. जिन्यातल्या माणसांची बाजू घेणारी हीच बाई, ती मान हलवायला लागली.

"बंद खोल्या मला नकोत," फरीदा म्हणाली. "आत कोण आहे, बरं आहे की नाही, मला कळायला हवं. एकदा एक मुलगी कपाटांच्या मागे चक्कर येऊन पडली होती. कितीतरी वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि दोघं-दोघं आत जाऊन दार लावून बसतील, ते वेगळंच. मी आणि एक मदतनीस, एवढेच असतो आम्ही."

यातलं काही खोडून काढण्यासारखं नव्हतं. दोघी नमुन्याच्या खोलीपाशी आल्या. शुक्रवारची दुपार होती, ग्रंथालय जवळजवळ रिकामं होतं. काचेतून आत बघत फरीदा म्हणाली, "तसं पाहिलं तर मला चेहरा दिसायची गरज नाही. आत माणूस आहे, एवढं दिसलं तरी पुरे."

अरुणाने तिच्याकडे पाहिलं. मग ती भांडाराच्या खोलीतून पुस्तकं गुंडाळायचा तपकिरी कागद घेऊन आली. फरीदाच्या मदतनीस मुलीला आत खुर्चीवर बसवलं आणि दोघींनी मिळून काचेला वरून कागद लावायला सुरुवात केली. डोकं झाकलं, खांदे झाकले, टेबल झाकलं. फरीदा मधूनमधून आपल्या काउंटरपाशी जाऊन उभी राही आणि तिथून सांगे.

"काच कुठवर ठेवू?" अरुणा जमिनीवर गुडघे टेकून विचारत होती. तोंडात चिकटपट्टीचा तुकडा.

"अजून खाली आण. अजून तिची पुस्तकं दिसताहेत. आता थांब. नाही, जरा वर घे, खुर्चीचे पाय लपले."

असं करता करता कागद गुडघ्याच्या खाली येऊन थांबला. खालच्या पट्टीतून मुलीच्या चपला दिसत होत्या, खुर्चीचे पाय दिसत होते, कोणी कोसळलं तर तेही दिसलं असतं. वरचं काही दिसत नव्हतं. फरीदा काउंटरवरून म्हणाली, "हे चालेल मला." मग स्वतः आत जाऊन दार लावून बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आतून बरं वाटतं. माझ्या मुलाच्या परीक्षेच्या वेळी हे हवं होतं."

कागद तसाच राहू द्यायचा ठरला. काचेच्या बाहेर फरीदाने इंग्रजीत एक ओळ लिहून चिकटवली, की मोठ्याने अभ्यास करायचा असेल त्यांनी ही खोली वापरावी. पहिले दोन दिवस कोणी फिरकलं नाही. मुलांना कागद लावलेली खोली आवडली नाही, त्यांनी तक्रारी केल्या. तिसऱ्या दिवशी म्यानमारचा एक थर्ड इंजिनिअर आत गेला. त्यानंतर फरीदाने स्वतः जिन्यात जाऊन निशिकांतला बोलावून आणलं.

मिस्टर ओंग पाहायला आले ते जरा त्रासलेल्या चेहऱ्यानेच. तपकिरी कागद पाहून ते म्हणाले, "अंधाऱ्या खोल्यांतून बाहेर पडायला तुम्हाला बोलावलं होतं. हे काय मांडलंय?"

अरुणाने सगळं तयार करून आणलं होतं, कागदावरची चित्रं, खिडकीचं तोंड, प्रकाश कसा येईल ते. पण ओंगचं लक्ष खोलीकडे होतं. दाराआडून दोन पुरुषांचे आवाज येत होते. एक विचारत होता, दुसरा उत्तर देत होता, मग दोघं एकदम हसले. शब्द कळत नव्हते. कागदाखालच्या पट्टीतून जुन्या चामड्याच्या बुटांची एक जोडी आणि खेळाच्या बुटांची एक जोडी दिसत होती.

"कोण आहेत हे?"

"तुमचे सगळ्यात जुने विद्यार्थी," फरीदा म्हणाली. "कॉलेज ज्यांच्यासाठी सुरू झालं ते."

ओंगनी जरा वाकून ते बूट पाहिले. त्यांचे वडील बंदरावर कामाला होते, हे अरुणाला पुढे फरीदाकडून कळलं. त्या दिवशी त्यांनी ते सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, "चार नाही. दोन करा. आणि प्रवेशद्वारातून दिसता कामा नयेत."

"त्या मागेच आहेत," अरुणा म्हणाली. "कोणाला दिसू नये म्हणूनच."

चारच्या दोन झाल्या याचं तिला वाईट वाटलं. त्या दोनांत तिने जीव ओतला. भिंत जाड घेतली, तिच्या तळाशी पाय दिसतील एवढी काचेची पट्टी ठेवली, आत कापडाचं अस्तर दिलं, दोन खुर्च्यांमध्ये नेमकं परीक्षकाच्या टेबलाएवढं टेबल ठेवलं. ते मोजायला तिने निशिकांतलाच विचारलं होतं. त्याने हात पसरून दाखवलं आणि म्हणाला, "परीक्षेत ते फुटबॉलच्या मैदानाएवढं वाटतं, पण असेल एवढंच."

तोंडी परीक्षा झाली त्या संध्याकाळी निशिकांतने तिला फोन केला नाही. अरुणाने दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या ऑफिसात हजर झाला, इस्त्रीचा शर्ट, हातात खाऊची पिशवी.

"सुटलो, ताई," तो म्हणाला. "मध्ये एका प्रश्नाला अडलो होतो. परीक्षक म्हणाले, सावकाश. मग सावकाश सांगितलं."

"काल का नाही कळवलंत?"

"काल बायकोशीच बोलत होतो. फार वेळ बोललो. आई म्हणाली, एवढं काय त्यात, तू तर कधीचाच चीफ आहेस." तो हसायला लागला आणि अरुणालाही हसू आलं. प्रतीकलाही त्याने सगळं सांगून टाकलं होतं, पहिल्या वेळी आपटलो ते धरून. "म्हटलं, त्यालाही पुढे हीच परीक्षा द्यायची आहे."

तिने त्याला खोलीचा आराखडा दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला, खिडकीच्या रेषेवर बोट ठेवलं, आणि विचारलं, "बाहेर काय दिसणार?"

"रेन ट्रीची मोठी झाडं. आणि मागे फ्लॅट, बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे."

"कपडे दिसले तर बरं," तो म्हणाला. "माणसाला बरं वाटतं." पुढच्या आठवड्यात तो अमिरातीतल्या फुजैराह बंदरात बोटीवर रुजू झाला.

नवं ग्रंथालय उघडलं ते पुढच्या वर्षी. पाहुणे आले, फीत कापली गेली, ओंगनी भाषण केलं. फोटो निघाले ते सगळे पुढच्या काचेच्या खोल्यांचे. आत मुलं दाटीवाटीने बसलेली, काचेवर लाल-निळे शब्द. ते पाहताना अरुणाला मनापासून आनंद झाला. जाईही आली होती. तिने कॅफेच्या खुर्च्यांना पसंती दिली आणि मागच्या खोल्यांकडे न बघताच ती निघून गेली.

काही महिन्यांनी अरुणा एकटीच पुन्हा गेली. फरीदाने तिला काय बिघडलं ते आधी सांगितलं. एका खोलीतला आवाज हवेच्या झडपेतून दुसरीत जातो. दोन मुलं दुपारी तिथे चक्क झोपायला येतात, पाय दिसतात म्हणून कळतं. एक शिक्षिका रोज जेवणाच्या सुट्टीत येते, दार लावते आणि नुसती बसून राहते. फरीदा तिला काही विचारत नाही. एरवी दोन्ही खोल्या सकाळपासून भरलेल्या असतात, आणि ओंगनी वरच्या मजल्यावर आणखी दोन करता येतील का म्हणून विचारलंय.

"करता येतील," अरुणा म्हणाली. "झडपेचं आधी बघते."

एक खोली थोडा वेळ मोकळी होती. अरुणा आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. झडपेखाली उभं राहून तिने फोनवर दोन नोंदी केल्या. मग खुर्चीत बसली. पुढच्या आठवड्यात ऑफिसात तिची मुलाखत होती, मोठ्या पदासाठी. इतक्या वर्षांत तिने स्वतःबद्दल कोणापुढे धड बोलून पाहिलं नव्हतं. बाहेर बाल्कनीत कोणीतरी चादर झटकत होतं. तिने घसा साफ केला आणि मी हे काम का केलं, असं मोठ्याने सांगायला सुरुवात केली. पहिलं वाक्य अर्धवट राहिलं. दुसऱ्यांदा ते पुरं झालं, पण मराठीत. तिचं तिलाच हसू आलं, आणि तिने ते पुन्हा इंग्रजीत म्हटलं.

दारावर हलकेच टकटक झाली. फरीदा होती. या वेळेसाठी खोलीवर दुसऱ्या कोणाचं तरी नाव लागलेलं होतं.

बाहेर एक पिकल्या केसांचा माणूस उभा होता. दार उघडताच तो शेजारच्या कपाटाकडे वळला आणि पुस्तक शोधत असल्यासारखी त्याने एका पुस्तकावरून दुसऱ्या पुस्तकावर नजर फिरवली. अरुणाने पिशवी खांद्याला लावली, त्याच्याकडे न पाहता त्याला वाट करून दिली, आणि ती झडपेच्या माणसाला फोन लावत जिन्याकडे चालू लागली.